बॉल कोणत्या खेळातला? अमेरिकन मेलमधले वाक्प्रचार ओळखण्याची रीत

अमेरिकन क्लायंटच्या मेलमध्ये ‘द बॉल इज इन युअर कोर्ट’ हे वाक्य पहिल्यांदा वाचल्यावर नवा माणूस सहसा दोनपैकी एक गोष्ट करतो. ‘नोटेड, थँक्स’ एवढं उत्तर धाडून मोकळा होतो, नाहीतर शेजारच्या खुर्चीकडे वळून विचारतो, यात कोर्टकचेरी कुठून आली? दुसऱ्याचं काम दोन मिनिटांत भागतं. पहिल्याची पंचाईत होते. क्लायंट त्याची वाट बघत बसतो आणि हा क्लायंटची.

इंग्रजीत बॉल या एका शब्दाभोवती रोजच्या वापरातले वीसेक वाक्प्रचार सहज सापडतात. त्यांची यादी पाठ करण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. ‘प्ले बॉल’ आणि ‘प्ले हार्डबॉल’ दिसायला सख्खे भाऊ, पण एकाचा अर्थ सहकार्य आणि दुसऱ्याचा अडून बसणं. पाठ केलेलं ऐन कॉलवर नेमकं उलटं आठवतं. त्यापेक्षा एकच प्रश्न स्वतःला विचारायची सवय लावा: हा बॉल कोणत्या खेळातला?

आपली गोची इथेच होते. बॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रिकेटच येतं, आणि या वाक्प्रचारांतला बॉल क्रिकेटचा जवळजवळ कधीच नसतो. तो बेसबॉलचा असतो, टेनिसचा असतो, अमेरिकन फुटबॉलचा किंवा पूल या बिलियर्ड्ससारख्या खेळाच्या टेबलावरचा असतो. खेळ कळला की बॉल आत्ता कुणाकडे आहे आणि त्याने पुढे काय करायचं असतं, हे कळतं. बाकीचा अर्थ त्यातच असतो.

पायरी पहिली: तो खेळाचाच बॉल आहे ना?

सोमवारी सकाळी कॉल सुरू होण्याआधी कुणी म्हणालं, ‘वी हॅड अ बॉल!’, तर शनिवार-रविवारी धमाल आली, एवढंच सांगायचं असतं. हा बॉल म्हणजे चेंडू नव्हे, नाच. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचं मूळ नाचणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. बॅले हा शब्दही त्याच घराण्यातला. बॉलरूम आणि बॉल डान्स आपल्याला ठाऊक असतातच, फक्त ‘हॅव अ बॉल’ ऐकताना ते आठवत नाहीत.

‘क्रिस्टल बॉल’ हा भविष्य सांगणाऱ्यांचा काचेचा गोळा. ‘आय डोंट हॅव अ क्रिस्टल बॉल’ असं मॅनेजर म्हणाला, तर पुढच्या वर्षी टीम वाढणार की घटणार हे तो आज सांगणार नाही. पुन्हा विचारू नका. ‘स्नोबॉल’ हा उतारावरून घरंगळताना मोठा होत जाणारा बर्फाचा गोळा. छोटी चूक दुर्लक्षामुळे वाढत गेली की ती ‘स्नोबॉल’ झाली म्हणतात. ‘बॉल अँड चेन’ म्हणजे कैद्याच्या पायाला साखळीने बांधलेला लोखंडी गोळा. बायकोला उद्देशून हा शब्द वापरण्याचा एक जुनाट विनोद आहे. कुणी केला तर हसलंच पाहिजे असं नाही, आणि आपण तर करूच नये.

‘गेट द बॉल रोलिंग’ म्हणजे काम सुरू करा, पहिला धक्का द्या. कामाला लागल्यावर ते थांबू देऊ नका, याला ‘कीप द बॉल रोलिंग’. हा वाक्प्रचार तसा जुना, पण अमेरिकेत तो गाजला १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत. विल्यम हेन्री हॅरिसन यांच्या समर्थकांनी माणसापेक्षा उंच, घोषणा रंगवलेले गोळे बनवले आणि ते गावोगाव ढकलत नेले. हॅरिसन निवडून आले. पुढे अध्यक्षपदाची शपथ घेतल्यावर महिनाभरातच वारले, ते सोडा.

पायरी दुसरी: टेनिस असेल, तर पाळी कुणाची ते बघा

टेनिसमध्ये बॉल तुमच्या बाजूला आला की तो परत मारणं हे फक्त तुमचंच काम. समोरचा काहीही करू शकत नाही, तो नुसता उभा असतो. ‘बॉल इज इन युअर कोर्ट’चा अर्थ हाच. माझ्याकडून जे व्हायचं होतं ते झालं, आता निर्णय किंवा कृती तुमची. मराठी बातम्यांतही ‘चेंडू आता सरकारच्या कोर्टात’ हे सर्रास येतं, त्यामुळे हा वाक्प्रचार आपल्या कानाला अनोळखी नसतो. न्यायालयाच्या बातमीत तोच वापरला की मात्र वाचणारा जरा गोंधळतो.

नवखे लोक चुकतात ते अर्थात नाही, उत्तरात. या वाक्यावर आभार मानून थांबणं म्हणजे समोरून आलेला बॉल बघत उभं राहणं. उत्तरात तीन गोष्टी हव्यात: काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत. ‘सुधारित फाइल आम्ही शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवतो’ असं एक वाक्यही पुरतं. आणि ते काम तुमचं नसेलच, तर ते लगेच सांगा. दोन दिवसांनी सांगितलंत तर ती टोलवाटोलवी ठरते. (हा आपला अस्सल चेंडूचा शब्द. सरकारी खिडक्यांवर ज्यांनी हेलपाटे घातले आहेत, त्यांना वेगळा समजवावा लागत नाही.)

पायरी तिसरी: बेसबॉल. इथे वेळ द्या

अमेरिकन बोलण्यातले निम्मे बॉल बेसबॉलचे निघतील, म्हणून खेळ थोडा समजून घ्या. फेकणारा म्हणजे पिचर, मारणारा म्हणजे बॅटर. दोघांमधलं अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे आपल्या २२ यार्डांच्या, ६६ फुटी खेळपट्टीपेक्षा थोडं कमी. बॉलला टप्पा नाही. पिचरच्या हातातून सुटला की थेट बॅटरकडे. जी काही फसवाफसवी करायची ती हवेत.

ती फसवाफसवी म्हणजे ‘कर्व्हबॉल’. सरळ येतोय असं वाटणारा बॉल ऐनवेळी वळतो. याचं श्रेय कँडी कमिंग्ज या एकोणिसाव्या शतकातल्या पिचरला दिलं जातं. लहानपणी शिंपले फेकताना ते हवेत वळतात, यावरून आपल्याला ही कल्पना सुचली असं तो सांगायचा. अमेरिकन बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९३९ साली त्याचा समावेश झाला. ‘द क्लायंट थ्र्यू अस अ कर्व्हबॉल’ म्हणजे क्लायंटने ध्यानीमनी नसताना अडचण उभी केली. आपण अशा वेळी ‘गुगली टाकली’ म्हणतो. गुगली इंग्रज खेळाडू बर्नार्ड बोसान्के याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ केली, त्यामुळे लंडनच्या माणसाला ती कळेल. टेक्सासच्या माणसाला गुगली म्हणालात तर तो गूगलबद्दल काहीतरी बोलताय असं समजेल.

आता ‘बॉलपार्क फिगर’. नव्या माणसाला या वाक्प्रचाराइतका ताप दुसरा कुठलाच देत नसेल. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. ‘कॅन यू गिव्ह मी अ बॉलपार्क?’ याचा अर्थ ढोबळ आकडा सांगा. अचूक आकडा नको आहे. आकडा साधारण त्या मैदानात पडला तरी चालेल. लक्षात ठेवायला एक गंमत सांगते. बेसबॉलमध्ये आतल्या चौकोनाची मापं पक्की असतात, त्याच्या कोपऱ्यांना बेस म्हणतात, आणि लगतच्या दोन बेसमधलं अंतर सगळीकडे ९० फूट. बाहेरची कुंपणं मात्र प्रत्येक मैदानावर वेगळी. बॉस्टनच्या फेनवे पार्कात डावीकडची भिंत जवळ, म्हणून ती थेट ३७ फूट उंच बांधलेली. बॉलपार्क आकड्याचंही तसंच धरा. दिशा बरोबर हवी, पण कुंपण थोडं मागेपुढे असलं तर हरकत नाही.

इथे दोन प्रकारची माणसं अडकतात. एक म्हणतो, ‘टीमशी बोलून बुधवारी सांगतो’, आणि बुधवारी १८७ तास असा आकडा आणतो. तोवर क्लायंटने बजेटचा विषय संपवलेला असतो. दुसरा जागच्या जागी ‘दीडशे तास’ म्हणून टाकतो, आणि तो आकडा पुढे कुणाच्या तरी एक्सेलमध्ये जाऊन पक्का होतो. मधला रस्ता असा: एक आकडा देऊ नका, दोन टोकं द्या. ‘दीडशे ते दोनशे तास, लॉगिनचं काम धरलेलं नाही, पक्का अंदाज पुढच्या आठवड्यात.’ आणि बोलणं संपल्यावर हेच वाक्य मेलवर टाका. बोलण्यातला ‘अंदाजे’ हा शब्द हवेत विरतो, मेलमधला राहतो.

याच मैदानातले आणखी दोन: ‘इन द सेम बॉलपार्क’ म्हणजे दोघांचे आकडे आसपासच आहेत, बोलणी होऊ शकतात. ‘नॉट इव्हन इन द बॉलपार्क’ म्हणजे तुमचा आकडा फारच भलता आहे. हे वाक्य आलं तर दोन-चार टक्के कमी करून भागणार नाही, कामाची व्याप्तीच पुन्हा बोलावी लागेल.

‘प्ले बॉल!’ ही सामना सुरू करताना पंचाची आरोळी. त्यावरून ‘प्ले बॉल’ म्हणजे खेळायला तयार होणं, सहकार्य करणं. वापर बहुधा नकारार्थी: ‘द व्हेंडर वोंट प्ले बॉल’, व्हेंडर दाद देत नाहीये. ‘प्ले हार्डबॉल’ वेगळं. हार्डबॉल म्हणजे खरा, कडक बेसबॉल, त्याच्या धाकट्या भावाहून म्हणजे सॉफ्टबॉलहून वेगळा. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागोत एका सभागृहाच्या आत झाला. पहिला बॉल म्हणजे दोरीने आवळलेला बॉक्सिंगचा हातमोजा होता. त्यामुळे ‘हार्डबॉल’ खेळणारा माणूस वाटाघाटीत तसूभर सरकत नाही, आणि ‘सॉफ्टबॉल क्वेश्चन’ म्हणजे मुलाखतीत मुद्दाम विचारलेला सोपा, गुळमुळीत प्रश्न. राजकीय मुलाखती पाहताना हा शब्द हाताशी असू द्या.

‘लोबॉल ऑफर’ तुम्हाला पगाराच्या बोलण्यात भेटेल: योग्य किमतीहून मुद्दाम फार खाली टाकलेला आकडा. ‘दे आर लोबॉलिंग यू’ असं मित्र म्हणाला तर तो तुमच्या भल्याचं सांगतोय.

आणि ‘स्पिटबॉलिंग’. ‘आय ॲम जस्ट स्पिटबॉलिंग हिअर’ म्हणजे मनात येईल ते बोलतोय, यातलं काही ठरलेलं समजू नका. बैठकीची टिपणं काढणाऱ्या नव्या मुलांनी हा शब्द ऐकला की पेन खाली ठेवावं. नाहीतर साहेबांची सहज सुचलेली कल्पना टिपणात ‘निर्णय क्र. ३’ होऊन बसते. बेसबॉलमध्ये थुंकी लावलेल्या बॉलला स्पिटबॉल म्हणतात, आणि तो १९२० मध्ये बंद केला गेला. क्रिकेटमध्ये बॉलला थुंकी लावण्यावर आयसीसीने करोनामुळे बंदी आणली ती २०२० मध्ये, बरोबर शंभर वर्षांनी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काही नाही, पण आकडे छान जुळतात.

राहिला ‘अ होल न्यू बॉल गेम’ किंवा ‘डिफरंट बॉल गेम’. अमेरिकेत नुसतं बॉल गेम म्हटलं की बहुधा बेसबॉलचा सामना. अर्थ: आता परिस्थितीच बदलली, मागचे आडाखे चालणार नाहीत.

पायरी चौथी: हातात घेऊन पळण्याचे खेळ

रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल यांत बॉल छातीशी धरून पळायचं असतं. रग्बीच्या जन्माची एक कथा आहे: १८२३ मध्ये रग्बी स्कूलमधल्या विल्यम वेब एलिस या मुलाने फुटबॉल खेळताना नियम धाब्यावर बसवून बॉल उचलला आणि धूम ठोकली. पुरावा तोकडा, तरी रग्बी विश्वचषकाला नाव त्याचंच.

‘रन विथ इट’ इथलं. तुमची कल्पना ऐकून वरिष्ठ म्हणाला, ‘ग्रेट, रन विथ इट’, तर ती शाबासकी आहे आणि परवानगीही. आता दर पावलाला विचारायला येऊ नका, तुम्हीच पुढे न्या. आपल्याकडची मुलं इथे फार अडखळतात. परवानगी मिळूनही पुढची मंजुरी येईल म्हणून बसून राहतात, आणि पंधरा दिवसांनी ‘झालं का?’ असा मेल येतो. शंका असेल तर त्याच कॉलवर विचारून घ्या: खर्चाची मर्यादा काय, कुणाला कळवायचं. मग पळा.

आपल्या गल्लीत मात्र बॉल घेऊन पळणारा म्हणजे आउट दिल्यावर चिडून ‘बॅट माझी, बॉल माझा, मी चाललो’ म्हणणारा. इंग्रजीत तोही आहे बरं का! ‘टेक युअर बॉल अँड गो होम’, म्हणजे मनासारखं झालं नाही म्हणून खेळच मोडून निघून जाणं. हे टोचून बोलणं आहे. रागावलेल्या माणसाच्या पाठीमागे म्हणतात, तोंडावर नाही.

‘ड्रॉप द बॉल’ सर्वांत जपून. हातात आलेली जबाबदारी गाफीलपणामुळे निसटली, असा त्याचा अर्थ. आपल्याला तो सुटलेल्या कॅचसारखा वाटतो, आणि कॅच काय, कुणाचाही सुटतो. इंग्रजी वाक्प्रचारात तेवढी माया नाही. काम अवघड होतं म्हणून जमलं नाही, याला ‘ड्रॉप द बॉल’ म्हणत नाहीत. करायचं राहून गेलं, लक्ष नव्हतं, याला म्हणतात. म्हणून स्वतःबद्दल वापरला तर तो प्रामाणिक कबुलीजबाब ठरतो, आणि चांगला वाटतो. दुसऱ्याबद्दल, तेही सीसीमध्ये पाच जण असताना वापरला तर तो उघड ठपका असतो.

‘ऑन द बॉल’ आणि ‘कीप युअर आय ऑन द बॉल’ यांना कुठलाही खेळ चालतो. पहिला म्हणजे तल्लख, हुशार. दुसरा म्हणजे मूळ कामावरून लक्ष हटू देऊ नका.

पायरी पाचवी: टेबलावरचे बॉल

‘बिहाइंड द एट बॉल’ म्हणजे अडचणीत, हात बांधलेल्या अवस्थेत. पूलच्या एट बॉल प्रकारात आठ आकड्याचा काळा बॉल शेवटी घालवायचा असतो. तोवर त्याला आधी धक्का लावता येत नाही. काठीने मारायचा तुमचा पांढरा बॉल नेमका त्याच्या मागे जाऊन थांबला की सरळ रस्ता बंद.

स्नूकरमधली हीच अवस्था म्हणजे ‘स्नूकर्ड’. ब्रिटिश माणसाच्या तोंडी हा शब्द जास्त ऐकू येईल, आणि तो निघाला आपल्याच मुलखाजवळून. १८७५ मध्ये जबलपूरच्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने हा खेळ सुरू केल्याचं मानतात. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन वेगळे.) लष्करी अकादमीतल्या नवशिक्या पोरांना तेव्हा स्नूकर म्हणत, सोपा फटका हुकलेल्या गड्याला चेंबरलेनने तसं चिडवलं आणि नाव खेळालाच चिकटलं, असं सांगतात.

पायरी सहावी: अनेकवचन आलं की थांबा

एकवचनातला बॉल बहुधा खेळाचा असतो. ‘बॉल्स’ झालं की तो पुष्कळदा पुरुषाच्या शरीराचा असतो. ‘इट टेक्स बॉल्स’ म्हणजे त्याला धमक लागते. ‘बॉल्स-अप’ म्हणजे ब्रिटिश बोलीत घोळ, सावळागोंधळ. मित्रांमध्ये चालतं, ऑफिसात नाही. आणि दुसऱ्याने वापरलं म्हणून आपल्याला मुभा मिळत नाही. ‘बॉल्स टु द वॉल’ म्हणजे पूर्ण ताकदीनिशी. याचा उगम लढाऊ वैमानिकांच्या बोलीत सांगतात: वेग वाढवणाऱ्या दांड्याच्या टोकाला गोल मूठ असे, ती पुढच्या भिंतीपर्यंत ढकलायची. उगम कितीही सभ्य असला तरी ऐकणाऱ्याच्या कानात जे वाजायचं ते वाजतंच.

अपवाद सर्कशीचा. ‘टू मेनी बॉल्स इन द एअर’ हे बॉल झेलणाऱ्या कसरतपटूवरून आलं आहे. एका वेळी फार कामं अंगावर घेतली आहेत, हे सांगायला ते बिनधास्त वापरा.

पायरी सातवी: स्वतः वापरायचे की नाही?

समजले पाहिजेत सगळे. वापरायची घाई कुणी केलेली नाही. सुरुवातीला दोनच घ्या: ‘बॉलपार्क’ आणि स्वतःपुरता ‘आय ड्रॉप्ड द बॉल’. हे दोन्ही अमेरिकन माणसाला सहज वाटतात आणि चुकायला फारसा वाव देत नाहीत. कॉलवर जर्मन किंवा जपानी मंडळी असतील तर तेही टाळा. त्यांनाही बेसबॉल-टेनिसचं इंग्रजी आपल्यासारखंच शिकावं लागलेलं असतं. ‘ढोबळ आकडा’ असं साध्या इंग्रजीत म्हटलेलं सगळ्यांना कळतं.

आपल्या तोंडात बसलेले क्रिकेटचे वाक्प्रचारही तपासून बघा. ‘ऑन द बॅक फूट’, ‘हिट फॉर अ सिक्स’, ‘स्टिकी विकेट’ हे लंडनला आणि सिडनीला चालतात. न्यू यॉर्कला बॅक फूट कदाचित अंदाजाने कळेल, विकेट नाही.

आणि कॉलवर एखादा बॉल ओळखूच आला नाही तर? वाक्प्रचाराचा अर्थ विचारू नका, कामाचा विचारा. ‘म्हणजे तुम्हाला आमच्याकडून आज आकडा हवा आहे, बरोबर?’ असं आपल्या शब्दांत परत म्हणा. चुकलं असेल तर समोरचा लगेच दुरुस्त करतो, आणि त्याला वाटतं तुम्ही काम पक्कं करून घेताय. कॉल संपला की खेळ शोधा.